ओली माडी

आमच्या जव्हारच्या घरात दोन घरं होती. खालचं आईचं आणि वरचं बाबांचं. खाली शेणानं सारवलेली जमीन, चुलीचा धूर, खुंटीला अडकवलेली सुपं, आणि ओटी नि स्वयंपाकघर यांच्यामध्ये कारवीच्या काटक्यांचा कूड. कूड मातीनं लिंपलेला होता, पण इतका पातळ की ओटीवर कोणी पाट सरकवला तरी चुलीपाशी कळायचं. वर मात्र सगळी सागाच्या फळ्यांची माडी. बाबांनी हे घर नाशिकला बिऱ्हाड हलवलेल्या एका व्यापाऱ्याकडून घेतलं होतं. तो माडीवर भाताची पोती रचायचा, त्यामुळे फळ्या जाड आणि रुंद, आणि जिन्याच्या तोंडाशी झडप. झडप पाडली की वरच्या बोलण्यातला एक शब्द खाली येत नसे. यायची ती फक्त पावलं. आई चुलीपाशी बसून पावलांवरून सांगायची, आता पाहुणा उठला, आता तुझे बाबा खिडकीशी गेले, आता कोणीतरी पान थुंकायला चाललाय.

बाबा तहसील कचेरीत कारकून होते. पोशेरं गावच्या आमच्या शेतकरी घरातून नोकरीला लागलेले ते पहिलेच, आणि माडीवर त्यांचा फार जीव. पाहुणे आले की वर. जमिनीचं, लग्नाचं, भांडणाचं, जे काही ठरायचं ते वर ठरायचं. चहाचं तबक घेऊन मी जिन्याच्या निम्म्यापर्यंत जायची, वरून एखादा हात खाली येऊन ते उचलून न्यायचा. आई वर जायची ती झाडायला, नाही तर नागली वाळत घालायला. पुरुष बसलेले असताना ती वर गेल्याचं मला आठवत नाही. तिला कोणी मनाई केली नव्हती. तिला कोणी बोलावलंही नव्हतं.

त्या वर्षी गणपती गेल्यावर ताई आली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण यमुना. तिला विक्रमगडकडच्या एका गावात दिली होती. नवरा दिगंबर सरकारी नोकरीत, घरची भातशेती, शहाबादी फरशीचं मोठं घर. स्थळ बाबांच्या चुलतभावानं, पोशेऱ्याच्या सीतारामकाकानं आणलेलं. ताई भर पावसात जीपमधून उतरली तेव्हा तिच्या हातात एक कापडी पिशवी होती आणि अंगावरचं लुगडं पिळून निघेल इतकं भिजलेलं. आईनं तिच्या हातातली पिशवी घेतली. मग म्हणाली, "आली हायेस तं आधी जेव." आई इतकी वर्षं जव्हारात राहिली तरी तिच्या बोलण्यातलं पोशेरं कधी गेलं नाही, आम्ही मुली शाळेत गेलो आणि वेगळं बोलायला लागलो. नागलीची भाकर, खुरासणीची म्हणजे कारळ्याची चटणी आणि सुकटीचं कालवण होतं. ताई मान खाली घालून जेवली, आणि इतकी जेवली की आईनं मधेच उठून आणखी पीठ मळलं. त्या पिठाचा परातीवरचा आवाज मला अजून ऐकू येतो. आई कधी तसं आपटून पीठ मळायची नाही.

कोणी काही विचारलं नाही. माहेरी आलेल्या मुलीला विचारायचं नसतं, ती सांगेल तेव्हा सांगेल, अशी आमच्याकडची रीत. पण त्यामुळे घरात कोणी एका जागी बसेना. बाबा कचेरीतून आले की माडीवर येरझारा घालायचे, खाली आम्ही त्यांची पावलं ऐकायचो, खिडकीपासून झडपेपर्यंत आणि परत. आई पुसलेलीच भांडी पुसायची. ताई तर हात रिकामा ठेवायलाच भ्यायची. तिनं अंगणातलं गवत उपटलं, चुलीला पोतेरं केलं, निवडलेले तांदूळ पुन्हा निवडले. मी मॅट्रिक होऊन घरी बसलेली. खोडाळ्याहून एक स्थळ माझ्यासाठी चालत आलं होतं, आणि माझ्या डोक्यात मात्र ठाण्याला जाऊन नर्सिंग शिकायचं वेड होतं. ताई आली आणि दोन्ही अडकलं. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, एक परत आली म्हटल्यावर दुसरीला कोण विचारणार. हे त्या कुजबुजत म्हणाल्या, पण मी ऐकलं, आणि ताईनंही ऐकलं असावं. मला तिचा राग यायचा. पण ती विहिरीवर जरा जास्त वेळ राहिली तरी मी तिला बघायला धावायची.

मग एक दिवस सीतारामकाका आला. तो आणि बाबा वर गेले, झडप पडली. बराच वेळ कोणाची पावलं वाजली नाहीत. खाली आल्यावर बाबांनी सांगितलं की घट बसले की रविवारी ताईच्या सासरचे येणार आहेत. तिचे चुलतसासरे तात्या, जावई आणि सीतारामकाका. बोलणी होतील, आणि दसऱ्याच्या आत ती आपल्या घरी जाईल. सगळं नीट होईल, असं बाबा दोनदा म्हणाले. ताई उडीद निवडत होती. तिनं सुपातून मान वर केली आणि विचारलं, बसणार कुठे ते लोक? बाबांना प्रश्न कळलाच नाही. वरच बसतील, म्हणाले, आणखी कुठे?

त्या संध्याकाळी बाबांनी माडीकडे पाहुण्यांच्या डोळ्यांनी पाहिलं असणार. फळ्या पोत्यांच्या घाणीनं काळ्या पडलेल्या, मधेमधे चहाचे डाग, कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या. तिकडे त्यांची गुळगुळीत फरशी. जेवताना ते म्हणाले की माडीला व्हार्निश मारून घेऊ. सुतार तेव्हा भातकापणीआधीच्या घरदुरुस्त्यांत अडकलेला, तो काही लगेच येणारा नव्हता. आम्ही करतो, ताई म्हणाली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच आपण होऊन काही बोलली होती, म्हणून बाबा लगेच हो म्हणाले.

आम्ही दोघी बाजारात रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदार शेठ मोठा बोलका माणूस. त्यानं आमच्यापुढे दोन गोष्टी मांडल्या. एक चपडा, म्हणजे लाखेच्या पातळ पिवळ्या पापड्या. स्पिरिटमध्ये विरघळवायच्या, कापडाच्या बोळ्यानं फिरवायच्या, आणि एका बाजूनं लावत जावं तोवर दुसऱ्या बाजूनं वाळलेलं. दिसायला सुरेख, पण गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उठतं आणि पाणी सांडलं की चट्टा. दुसरं तेलाचं व्हार्निश, डब्यातलं, काकवीसारखं दाट. ते टर्पेंटाइन घालून पातळ करायचं, ब्रशनं दोन हात मारायचे. माणसांनी चालून चालून झिजत नाही. शेठ म्हणाला, रोजच्या वापराच्या जमिनीला हेच घ्या, पण घाई असेल तर घेऊ नका. बाहेर धुकं बघताय ना? या हवेत ते वाळता वाळत नाही, पहिला हात पुरता वाळायच्या आत दुसरा मारला तर मग विचारूच नका. ताईनं चपड्याच्या पापड्या हातावर घेऊन उजेडात धरल्या, डबा हुंगला, आणि शेठला पुन्हा विचारलं, किती दिवस ओलं राहतं म्हणता? मला वाटलं ती काळजीपोटी विचारतेय. तिनं डबा घेतला. घरी बाबांना म्हणाली, चपडा टिकत नाही, हे पक्कं आहे. त्यात खोटं काही नव्हतं.

आईला हे काहीच पटलं नाही. गावाकडे मुसळाला नि नांगराला खुरासणीचं तेल चोळतात, तेच फळ्यांना चोळा, उगाच वासाचं काय आणता, असं तिचं म्हणणं. तिचं मन राखायला आम्ही कोपऱ्यातल्या एका फळीला ते तेल चोळलं. फळी दिसायला छान तुकतुकीत झाली, पण सकाळी बघतो तर मुंग्यांची रांग भिंतीतून निघून त्या फळीवर पसरलेली, आणि ती फळी सोडून एक मुंगी कुठे जाईना. आई मुंग्यांकडे बघून हसली. ताईही हसली. तिचा हसण्याचा आवाज ऐकून बाबा जिन्यातून अर्धे वर आले आणि परत खाली गेले.

मग आम्ही कामाला लागलो. फुटलेल्या कंदिलाच्या काचेनं फळ्या खरवडायच्या, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं घासायच्या, वाळल्या की पॉलिश पेपर. भुसा आणि सरस यांची लांबी करून फटी भरायच्या. गुडघ्यांना चिंध्या बांधून आम्ही दोघी खिडकीच्या भिंतीपासून मागे मागे सरकत असायचो. काळ्या थराखालून सागाचा रंग निघू लागला, मधासारखा, आणि त्यात रेघा, एखाद्या फळीवर नदीच्या वळणासारख्या. मी सारखी उठायची, पाणी प्यायला, खिडकीतून रस्ता बघायला, खोडाळ्याकडून कोणी येतंय का बघायला, आणि कोणी आलं नाही की बरंही वाटायचं आणि वाईटही. ताई उठायची नाही. ती एकाच जागी इतका वेळ कागद फिरवत राहायची की मला तिचा हात धरून पुढच्या फळीवर ठेवावा लागायचा. एकदा मी धीर करून विचारलं की तिकडे मारतात का तुला. ती म्हणाली, नाही, मारत कोणी नाही. आणि पुन्हा घासायला लागली.

आता मी स्वतः सत्तरीला टेकले आहे. कोणत्याही लाकडी जमिनीच्या खोलीत गेले की आधी खाली बघते. दाभोश्याच्या धबधब्याला येणाऱ्या पर्यटकांसाठी आमच्याकडे आता राहायच्या जागा झाल्या आहेत. तिथे लाकडासारखी दिसणारी फरशी असते, हात लावला की गार. घरातली पोरं मला हसतात. पण हाताला कळतं ते कळतं.

पहिला हात मारला तेव्हा सगळ्या घरात तो वास भरला, गोडसर, डोक्यात चढणारा. आई म्हणाली भाकरीलाही वास येतोय. धुकं खिडकीतून आत यायचं म्हणून खिडकी लावावी, तर वास कोंडायचा म्हणून उघडावी. मी दर थोड्या वेळानं जिना चढून करंगळीनं फळी चाचपायची. बाबाही तेच करत असावेत, कारण जिन्याजवळच्या फळीवर दोन आकारांचे ठसे उमटले होते. शुक्रवारी संध्याकाळी वरचा चिकटपणा कमी झाला आणि बाबांनी सुस्कारा सोडला. शनिवारी सकाळी ते कचेरीत गेले आणि ताईनं डबा उघडला. मी म्हटलं, अजून ओलसर आहे, शेठनं काय सांगितलंय, आणि उद्या तर माणसं यायची आहेत. ती म्हणाली, ब्रश दे. तिनं एकटीनं दुसरा हात मारला, खिडकीपासून जिन्यापर्यंत, न थांबता, लाकडाच्या रेघेरेघेनं. मागे सरकत ती जिन्यात उतरली, शेवटची फळी पायरीवर उभी राहून रंगवली आणि झडप पाडली. तिचं तोंड घामानं निथळत होतं, पण आल्यापासून पहिल्यांदाच ती भिंतीला टेकून स्वस्थ बसली.

बाबा आले, जिन्यातूनच झडप उचलून डोकावले, आणि तिथूनच ओरडले नाहीत तर खाली येऊन हळू आवाजात बोलले, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. हे उद्यापर्यंत वाळेल का, त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, नाही वाळणार. बाबा अंगणात गेले, आत आले. जाजम टाकू म्हणाले, मग स्वतःच म्हणाले की जाजम चिकटेल. शेजाऱ्यांची ओटी मागावी तर सगळ्या आळीला तमाशा. देवळात बसावं तर तेच. शेवटी ते म्हणाले, खालीच बसू. आई चुलीपुढे होती. तिची फुंकणी तोंडाशी नेलेली तशीच राहिली.

रविवारी धुकं इतकं होतं की पाहुणे अंगणात येईपर्यंत दिसले नाहीत. तात्या पांढऱ्या टोपीचे, जुने मास्तर, बोलणं मऊ आणि थांबून थांबून. त्यांच्यामागे सीतारामकाका. सगळ्यांत शेवटी जावई, अंगठ्यानं छत्रीची मूठ चोळत. तात्या सवयीनं जिन्याकडे वळले. बाबांनी सांगितलं, माडीला व्हार्निश लावलंय, अजून ओलं आहे. तात्या हसून म्हणाले, वा, मुलीची पाठवणी म्हणून घर सजवताय. सगळे ओटीवर घोंगडीवर बसले. कुडाच्या अलीकडे आई भाकऱ्या थापत होती, ताई विळीवर तवसं, म्हणजे पावसाळी काकडी, चिरत होती आणि मी चहा गाळत होते. मधे फक्त तो कूड.

सुरुवातीला पावसाचं, भाताचं बोलणं झालं. मग तात्यांनी आवाज खाली आणला. वर बसायची सवय असलेल्या माणसाला वाटतं आवाज खाली आणला की झालं. त्यांचा शब्दन् शब्द चुलीपाशी येत होता. ते म्हणाले, मुलगी गुणाची आहे, आमची काही तक्रार नाही. पण दोन वेळा राहिलं आणि दोन्ही वेळा गेलं. डॉक्टरनं सांगितलंय, पुढे आशा नाही. घराला मूल तर हवं. नात्यातली एक मुलगी आहे, गरीब घरची, कामाला म्हणून आणलीय, ती घरात रुळलीय. दिगंबरचं तिच्याशी देवासमोर लावून टाकू. यमुना थोरली, तिचा मान थोरलीचा. फक्त ती घरात हवी. नोकरीचं प्रकरण आहे, दुसरं लग्न कायद्यात बसत नाही, पहिली माहेरी बसली तर चार लोक विचारतील. ती घरात असली की कोणी विचारणार नाही. सीतारामकाका म्हणाला की असं बऱ्याच घरांत चालतं, नांदतात दोघी बहिणींसारख्या.

मी ताईकडे पाहिलं. ती तवसं चिरतच होती. तिला हे माहीत होतं. तिला ते सगळं पाठ होतं.

मी वाट बघत होते की आता बाबा उठतील, आता काही बोलतील. ओटीवरून त्यांचा आवाज आला, "तिला काही कमी तर पडणार नाही ना?"

तव्यावरची भाकर जळायला लागली होती. आईनं ती काढली नाही. ती उठली, हात पिठाचेच, आणि कुडाला वळसा घालून ओटीवर गेली. मी तिच्यामागे कुडापर्यंत गेले. पुरुष दचकले, तात्यांनी पाय आवरून घेतले. आई बाबांच्या समोर घोंगडीच्या कडेला, सारवलेल्या जमिनीवर बसली आणि बाबांना म्हणाली, "तुमी वर बसलां असतां तं मला यातला एक शबूद कळला नसता. पोर गाडीत बसवून दिली असती मी. वर शिदोरी दिली असती."

ती मग जावयाकडे वळली. त्याला ती नेहमी दिगूबाबा म्हणायची. "दिगूबाबा, तात्या बोललं, सीतारामभावजी बोललं. तुमी सांगा. तुमच्या तोंडानं सांगा, आयकते मी."

त्यानं छत्रीची मूठ चोळली. मग म्हणाला, घरातली मोठी माणसं ठरवतील ते. तो वाईट माणूस नव्हता. हे मला तेव्हा वाटत नव्हतं, आता वाटतं. त्याला कधी कोणी विचारलं नसेल आणि त्यालाही कधी सुचलं नसेल.

ताई विळी मिटून बाहेर आली आणि आईच्या बाजूला उभी राहिली. ती पाहुण्यांना म्हणाली, "मला तिकडे यायचं नाही. दुसरं पोर गेलं तेव्हापासून माझं ताट वेगळं केलंय तुम्ही. सणाच्या दिवशी मी गोठ्यात जेवते. दुसरं लग्न करायचं तर करा. पण आधी मला मोकळं करा. तुमच्या घरात पडदा म्हणून मी राहणार नाही."

तात्या बाबांना म्हणाले, मुलीला आत पाठवा, आपण बोलू. त्या क्षणी बाबा काय करतील हे खरोखर कोणालाच माहीत नव्हतं, त्यांना स्वतःलाही नसावं. ते घोंगडीचा दोरा ओढत होते. मग म्हणाले, "ती आतून सगळं ऐकत होती, तात्या. आता कोणाला आत पाठवू?" आणि दोरा सोडून, "ती नाही म्हणते. मग माझंही नाही."

चहा तसाच राहिला. पाहुणे उठले. सीतारामकाका जाताना म्हणाला की धाकटीच्या खोडाळ्याच्या स्थळाचं आता विसरा. ते खरंच झालं, त्या लोकांकडून पुढे काही आलं नाही. मी त्या दिवशी न्हाणीत जाऊन रडले, आणि रडता रडता मला हलकंही वाटत होतं, दोन्ही एकदम.

माणसं गेल्यावर बाबांनी ताईला विचारलं, हे मुद्दाम केलंस? माडी ओली ठेवलीस? ती म्हणाली, "हो." तुला माहीत होतं तर मला आधी सांगायचंस, बाबा म्हणाले. ताई म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता, ते आत्ता ऐकलं की मी. मला आईनं ते तुमच्या सगळ्यांच्या तोंडून ऐकायला हवं होतं." बाबा जिन्यात जाऊन बसले. वर जाता येत नव्हतं आणि खाली आमच्यात बसवत नव्हतं. आईनंच त्यांना जेवायला हाक मारली. जळकी भाकर तिनं स्वतःच्या ताटात घेतली.

पुढच्या गोष्टी एका दिवसात झाल्या नाहीत. कोर्टकचेरीला वर्षं लागली. ताई बालवाडीत शिकवायला लागली, शेवटपर्यंत तिथेच राहिली, आणि जव्हारातले निम्मे लोक आजही तिला बाई म्हणूनच ओळखतात. दिवाळीनंतर बाबा एकदा कचेरीतून आल्या आल्या मला म्हणाले, त्या नर्सिंगला शिक्षण किती लागतं? मी सांगितलं. म्हणाले, मग जा. पुढे मी याच डोंगरांत जीपनं, पायी, चिखलातून बाळंतपणं करत फिरले. मूल गेलेल्या कितीतरी बायकांशेजारी बसले, आणि दर वेळी घरच्यांना आधी विचारलं की हिचं ताट कुठे वाढता.

पण मला सांगायचं आहे ते दसऱ्यानंतरच्या दिवसांतलं. ताईची पेटी सासरी राहिली होती. ती म्हणायची, राहू दे, काय आहे त्यात. बाबा काही न सांगता सकाळच्या जीपनं गेले. त्यांना एकट्याला तिथे जायला काय वाटलं असेल, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. दुपारी ते पेटी घेऊन परत आले. जीपवाला आत आणून देतो म्हणत होता, त्यांनी ऐकलं नाही. पत्र्याची जड पेटी एक एक पायरी त्यांनी स्वतः वर चढवली, आम्हाला हात लावू दिला नाही. माडी तोवर कडक वाळली होती. खिडकीतून ऊन आलं होतं आणि फळ्या पाण्यासारख्या चमकत होत्या. पेटी ओढताना तिचा एक कोपरा घासला आणि जिन्यापासून खिडकीपर्यंत व्हार्निशवर लांबलचक पांढरी रेघ उठली. बाबा त्या रेघेकडे बघत उभे राहिले. डब्यात थोडं उरलंय का, त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, असू दे बाबा, पेटी तिथेच ठेवा.

आम्ही सगळे वरच बसलो, आईसुद्धा. बाबांनी पाणी मागितलं, प्यायले, आणि मग हळूहळू सांगायला लागले. त्या घरात त्यांना कोणी बसा म्हटलं नव्हतं. तात्या मागच्या दारानं शेतावर निघून गेले. पेटी पडवीत आणून ठेवलेली होती. ती उचलायला कोणी पुढे आलं नाही, तेव्हा आतून एक मुलगी बाहेर आली, अशी आपल्या धाकटीएवढी. तिनं त्यांना तांब्याभर पाणी दिलं. पेटीची एक बाजू धरून ती जीपपर्यंत आली. तिथे तिनं विचारलं, यमुनाताई बरी आहे ना? बाबा म्हणाले, मला आधी कळलंच नाही की ती कोण.

ताईनं पेटी उघडली होती. तिची लुगडी आत नीट घडी घालून रचलेली होती, आणि घड्यांमध्ये कोणीतरी कडुनिंबाचा पाला घातला होता. ती पाला हातात घेऊन बसून राहिली.

"सुनंदा तिचं नाव," ती म्हणाली. "चांगली पोर आहे ती, बाबा. तिला कोणीच नाही."

आणि घरी आल्यापासून पहिल्यांदा ताई रडली.